मारेकऱ्याचे घर : गुन्हेकथन, कुटुंब आणि माफीचा साक्षीदार

खुनांच्या मालिकेला मराठीत नाव कसे पडते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु कथनमीमांसेच्या दृष्टीने तो तसा नाही. इंग्रजीतून आलेला 'सीरियल किलर' हा शब्द व्यक्तीवर बोट ठेवतो, तर मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला 'हत्याकांड' हा शब्द घटनेवर. 'कांड' म्हणजे ग्रंथाचा खंड. 'हत्याकांड' म्हणताच आरंभ, विस्तार आणि शेवट असलेल्या कथेची चौकट सिद्ध होऊन जाते. पुढे त्या कांडाला जे विशेषण लागते ते अधिक बोलके असते. १९७६-७७ मधील पुण्याचे खून 'जोशी-अभ्यंकर' या बळींच्या आडनावांनी ओळखले जातात. परभणी जिल्ह्यातील १९७२ ते १९७४ या काळातील खून 'मानवत' या गावाच्या नावाने. १९९६ साली उघडकीस आलेले बालहत्यांचे प्रकरण 'गावित' या मारेकरी कुटुंबाच्या आडनावाने, आणि पुढे तर 'गावित बहिणी' अशा नातेवाचक जोडनावाने. नागपूरचे २००४ चे प्रकरण मात्र 'अक्कू यादव प्रकरण' म्हणून ओळखले जाते. तेथे ज्याच्या नावाने भय होते आणि ज्याचा खून झाला तो माणूस एकच आहे. बळी, गाव, कुटुंब, गुंड अशी ही चार नावे म्हणजे चार निरनिराळ्या कथनदृष्टी होत. मराठी व मराठी भूमीवरच्या दृश्यमाध्यमांतील गुन्हेकथनाने या चौघांपैकी 'कुटुंब' ही कोटी कशी हाताळली, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

मराठी रहस्यकथेत मारेकऱ्याला घर नसते. हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-काळापहाडाच्या जगात घर असते ते बळीचे किंवा नायकाचे. खलपुरुषाला अड्डा असतो. हा संकेत इतका दृढ होता की वास्तवानेही काही काळ त्याचीच री ओढली असे वाटावे. साठच्या दशकात मुंबईच्या उपनगरांतील पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना ठार मारणारा रामन राघव १९६८ साली पकडला गेला, तो बेघर म्हणूनच लोकस्मृतीत राहिला. श्रीराम राघवन यांच्या १९९१ च्या लघुपटात रघुवीर यादव यांनी उभा केलेला रामन असाच, मुळे नसलेला आहे. त्याला नातलग मिळाला तो थेट २०१६ मध्ये, अनुराग कश्यप यांच्या 'रामन राघव २.०' या काल्पनिक कथेत. तेथे नायक बहिणीच्या घरी जातो. अमृता सुभाष यांनी साकारलेली ही बहीण, तिचा नवरा आणि मुलगा यांच्यासह घडणारा तो प्रसंग चित्रपटातील सर्वांत असह्य आहे, आणि त्याचे कारण केवळ त्यातील हिंसा नव्हे. भाऊ घरी आला की बहिणीने त्याला जेवू घालावे, हा आपल्या संस्कृतीतला मूलभूत आचार तेथे भयाचे साधन होतो. मारेकऱ्याला घर आहे असे मानताच गुन्हेकथा कौटुंबिक कथेच्या प्रदेशात शिरते आणि तिचे सगळे संकेत बदलतात.

मानवत प्रकरणात हे संकेत फार आधी, प्रत्यक्ष व्यवहारातच मोडले होते. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या अवधीत त्या लहान गावाच्या परिसरात दहा खून झाले. बळी बहुतांशी स्त्रिया आणि मुली. तपासाचे सूत्र ज्यांच्याकडे आले ते रमाकांत कुलकर्णी हेच रामन राघव प्रकरणाचे तपासाधिकारी, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. महानगरातील बेघर मारेकऱ्याचा माग काढलेला अधिकारी येथे एका वाड्याच्या दारात येऊन उभा राहिला. पोलिसांच्या मांडणीनुसार खुनांमागे होते गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीची आस, म्हणजे घराण्याची संपत्ती आणि घराण्याचा वारस. उत्तमराव बारहाते हे गावचे माजी नगराध्यक्ष. रुक्मिणी ही पारधी समाजातील, त्यांच्याबरोबर राहणारी स्त्री. आणि समिंद्री ही रुक्मिणीची बहीण. गुन्ह्याच्या कल्पनेतच कुटुंबसंस्था होती, पण ते कुटुंब गावाच्या लेखी 'कुटुंब' नव्हते. जातीची रेषा ओलांडून, विवाहसंस्थेच्या कडेला उभे राहिलेले ते घर होते.

आशिष अविनाश बेंडे दिग्दर्शित 'मानवत मर्डर्स' ही आठ भागांची मराठी मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये 'सोनी लिव्ह'वर आली. कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकावर ती आधारलेली आहे. म्हणजे तिची मूळ संहिता तपास करणाऱ्याची आहे. आशुतोष गोवारीकर यांचा कुलकर्णी मुंबईहून येतो आणि प्रेक्षक त्याच्याच पावलांनी मानवतमध्ये शिरतो. मकरंद अनासपुरे यांचा उत्तमराव, सोनाली कुलकर्णी यांची रुक्मिणी आणि सई ताम्हणकर यांची समिंद्री या तिघांमुळे वाड्याच्या आतल्या भागाला जे वजन येते ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. अनासपुरे यांच्या विनोदी प्रतिमेची सवय झालेल्या प्रेक्षकाला त्यांचे येथले रूप अस्वस्थ करते, आणि दोघी बहिणींमधील ताण पटकथेने केवळ कथानकाच्या सोयीसाठी वापरलेला नाही. परंतु नेमका येथेच एक प्रश्न उभा राहतो. वाड्याच्या आतील, बंद दारामागील जे संवाद मालिका दाखवते, ते ऐकणारे तिसरे कोणीही नव्हते. न्यायालयाला तो आतला भाग दिसला तो माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून. आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात दिलेला निकाल विधिवर्तुळात आजही उद्धृत होतो तो बहुतांशी याच मुद्द्यासाठी. सहगुन्हेगाराच्या साक्षीवर दोषसिद्धी करणे बेकायदा नाही, पण तपशीलवार पुष्टीशिवाय तिच्यावर विसंबू नये, हा दंडक तेथे पुन्हा अधोरेखित झाला. उत्तमराव आणि रुक्मिणी यांच्यावरील दोष अपिलांच्या टप्प्यात टिकला नाही. फासावर गेले ते त्या घराबाहेरचे लोक. ज्या अंतर्भागाविषयी न्यायसंस्थेने अखेर खात्रीने बोलण्याचे नाकारले, त्या अंतर्भागात कॅमेरा खऱ्या नावांनिशी निःशंकपणे वावरतो. ललितकृतीला हे स्वातंत्र्य नाकारता येत नाही, हे खरेच. मात्र ते स्वातंत्र्य घेतल्याची खूण कृतीत कोठे तरी उमटावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

रुक्मिणीच्या पारधीपणाचा प्रश्न याहून बिकट आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ साली ज्या 'विमुक्त' झाल्या, त्यांच्यातील स्त्री जादूटोणा आणि नरबळी यांच्या कथेत मध्यभागी आली की वाचकाच्या मनातील जुना शिक्का विनासायास जागा होतो. मराठी साहित्याला या घराचा दुसरा नकाशा उपलब्ध आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने (१९८७) ज्याला जग गुन्हेगाराचे घर म्हणते तेथील भूक, पोलिसांची धाड, चोरीचे शिक्षण आणि शाळेचे शिक्षण आतून सांगितले. तेथे कुटुंब हे गुन्ह्याचे कारण नाही, गुन्ह्याच्या आरोपाचे भक्ष्य आहे. दुसऱ्या बाजूला तेंडुलकरांच्या 'गिधाडे'ने, मानवतच्या थोडेच आधी रंगमंचावर येऊन, प्रतिष्ठित घराच्या चार भिंतींत रक्ताची नाती एकमेकांना कशी ओरबाडतात हे दाखविले होते आणि त्यासाठी मांत्रिकाची गरज भासली नव्हती. विशेष म्हणजे 'गिधाडे'तील साक्षीदार रजनीनाथ हा घरचाच, पण अनौरस म्हणून गॅरेजमध्ये राहणारा आहे. घरातले सांगणारा अर्धा आत आणि अर्धा बाहेर असावा लागतो, हे तेंडुलकरांनी अचूक ओळखले होते. गुन्हेमालिकांच्या लेखकांनी या दोन्ही संहितांकडे पाठ फिरवलेली दिसते.

अर्धा आत, अर्धा बाहेर असलेल्या या निवेदकाचे कायद्यातील नाव माफीचा साक्षीदार. जोशी-अभ्यंकर खटल्यात आरोपींचाच एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, आणि त्या प्रकरणावरून प्रेरणा घेतलेल्या राजदत्त यांच्या चित्रपटाचे नावच 'माफीचा साक्षीदार' (१९८६) असे ठेवले गेले. शीर्षकाने मारेकऱ्याला नव्हे, सांगणाऱ्याला मान दिला, ही मराठी गुन्हेकथनाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. मात्र तेथे सांगणारा मित्र होता. गावित प्रकरणात तो जावई झाला.

अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्यावर १९९० ते १९९६ या काळात तेरा मुलांचे अपहरण व त्यांतील नऊ जणांचे खून असा आरोप होता. वरिष्ठ न्यायालयांत पाच खून सिद्ध मानले गेले. पाकीटमारी आणि साखळीचोरी करताना जवळ मूल असले की संशय येत नाही, पकडले गेल्यास मूल पुढे करून जमावाची दया मिळविता येते, ही त्यामागची व्यवहारबुद्धी. मातृत्वाची दृश्य प्रतिमाच येथे हत्यार होती. प्रकरण फुटले तेही कौटुंबिक सूडातून : अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातील मुलीवर हात टाकला गेला, आणि त्या मुलीच्या आईच्या तक्रारीने पोलिस या तिघींपर्यंत पोहोचले. अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच कोठडीत मरण पावली. सरकार पक्षाची सारी कथा रेणुकाच्या नवऱ्याने सांगितली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दिलेली फाशी २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, दयेच्या अर्जावरील निर्णयाला लागलेल्या आठ वर्षांच्या आसपासच्या विलंबामुळे, ती जन्मठेपेत बदलली.

सुमन मुखोपाध्याय यांचा 'पोशम पा' (२०१९, 'झी ५') हा हिंदी चित्रपट याच प्रकरणावरून सुचलेला. नावे बदललेली आहेत, शीर्षक लहान मुलांच्या खेळातून घेतलेले आहे. त्याने केलेला सर्वांत मोठा बदल निवेदकाचा आहे. न्यायालयात जावयाने सांगितलेली कथा येथे तुरुंगातील बहिणी दोन माहितीपटकारांना सांगतात. त्यामुळे 'कोणी काय केले' हा प्रश्न मागे पडून 'आईने आम्हांला काय केले' हा प्रश्न पुढे येतो. मुलींचे घडणे समजून घेण्याचा हा प्रयत्न सहृदय आहे. पण त्याची किंमतही आहे. जिचा गुन्हा सिद्ध होण्याआधी मृत्यू झाला, त्या आईकडे सारे कारण सोपविले जाते, आणि कथेतून नवरा, जावई, चोरीच्या मालाचा बाजार हे पुरुषांचे जग फिकट होत जाते. मायलेकींची कथा म्हणून ती प्रभावी ठरते. कुटुंबाची म्हणून अपुरी.

'झी मराठी'वरील 'देवमाणूस' (२०२०-२१) या मालिकेबद्दल थोडक्यात सांगता येईल. वाई तालुक्यात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणाशी तिचा संबंध जोडला गेला. तेथील बोगस डॉक्टरला स्वतःचे कुटुंब नाही. तो दुसऱ्याच्या घरात राहतो. त्या घरातली म्हणींची पोतडी उघडणारी सरू आजी लोकप्रिय झाली, इतकी की रोजच्या मालिकेची घरगुती लय खुनांवर मात करून गेली. भय आणि सासर-माहेर एकाच ताटात वाढण्याची दैनंदिन मालिकेची ही शक्ती तिची मर्यादाही आहे.

नागपूरच्या कस्तुरबानगरात मात्र ही सारी रचना उलटी होते. खून, बलात्कार, खंडणी यांनी वस्तीला वर्षानुवर्षे वेठीस धरणाऱ्या अक्कू यादवचे घर ६ ऑगस्ट २००४ च्या सुमारास वस्तीने फोडले. १३ ऑगस्टला जिल्हा न्यायालयाच्या दालनात स्त्रियांच्या जमावाने मिरचीपूड, दगड आणि सुऱ्यांनी त्याला ठार केले. घर आधी, माणूस नंतर. ज्या वस्तीत हे घडले ती प्रामुख्याने दलितांची, एकमेकांना खेटून बांधलेल्या घरांची. अटक झाली तेव्हा 'आम्ही सगळ्यांनी केले, सगळ्यांना धरा' अशी भूमिका स्त्रियांनी घेतली. कथनाच्या दृष्टीने या भूमिकेचा अर्थ एकच : माफीचा साक्षीदार अशक्य झाला. जेथे सगळेच आत आहेत तेथे अर्धा बाहेर असलेला निवेदक मिळत नाही. २०१४ साली उरलेले सर्व आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

पडद्यावर आणताना ही निवेदकहीनता दोन प्रकारे भरून काढली गेली. सार्थक दासगुप्ता यांच्या '२०० हल्ला हो' (२०२१) या चित्रपटाने निवृत्त दलित न्यायाधीशाची सत्यशोधन समिती कल्पिली. अमोल पालेकर यांनी साकारलेला हा न्यायाधीश बाहेरून येतो आणि स्वतःच्या दलित असण्याकडे वळतो, तर रिंकू राजगुरू यांची आशा वस्तीचा आवाज होते. समितीची चौकट शोधाला शिस्त देते, पण बोलण्याचा अधिकार पुन्हा एका पुरुष न्यायाधीशाकडे जातो, हे नाकारता येत नाही. उमेश विनायक कुलकर्णी यांच्या 'मर्डर इन अ कोर्टरूम' (२०२२) या तीन भागांच्या माहितीपट-मालिकेने वस्तीतल्या स्त्रियांनाच कॅमेऱ्यासमोर बसविले. त्या आपल्या बोलीत, थांबत, कधी हसत बोलतात. कायद्याने सोडविल्यानंतरही 'कोणी केले' याचे उत्तर सांगावे की झाकावे याचा हिशेब त्यांच्या थांबण्यात ऐकू येतो. 'वळू' आणि 'विहीर' यांच्या दिग्दर्शकाला मौनाचे मोल ठाऊक आहे, असेच म्हणावे लागते. मात्र ही मालिका ज्या मोठ्या मालेत बसविली गेली तिचे नाव 'इंडियन प्रेडेटर'. तिच्या आधीच्या दोन भागांत एकएकटा मारेकरी मध्यभागी होता. नागपूरच्या भागात ते विशेषण ज्याला लागते तो खटल्यातला मृत आहे, आणि ज्यांच्यावर त्याच्या खुनाचा आरोप होता त्या स्त्रिया आपापल्या घराच्या दारात बसून कॅमेऱ्याशी बोलत आहेत.