इस्नोफेलिया

आईच्या ट्रंकेत शालूखाली रक्ततपासणीचे कागद निघाले. सगळ्यांत जुना १९७८ चा. एकूण पांढऱ्या पेशी ७,२००, इओसिनोफिल ९ टक्के, आणि त्या ९ भोवती तांबड्या शाईचं वर्तुळ. त्या दिवसापासून आमच्या भवानीपूरच्या घरात 'इस्नोफेलिया' राहायला आला. साताऱ्याहून लग्न होऊन आलेली आई आल्यागेल्याला हे नाव घरच्या माणसासारखं सांगायची. खोकला वाढला की हेट्राझानच्या गोळ्या, थांबला की बंद. अशी पंधराएक वर्षं गेली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यात नव्या डॉक्टरांनी तिला यंत्रात जोराने फुंकायला लावलं आणि सीओपीडी असं निदान केलं. "माशिमा, जुने कागद असतील तर आणा," म्हणाले. म्हणून ट्रंक उघडली, आणि मी त्या तांबड्या वर्तुळाचा इतिहास शोधू लागलो. तो फार लांबचा निघाला नाही.

१८७२ साली याच कलकत्त्यात टिमथी रिचर्ड्स लुईस या लष्करी डॉक्टरने माणसाच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्लं पाहिली. सात वर्षांनी जर्मनीत पाउल एर्लिखने इओसिन हा तांबडा रंग वापरून रक्तातल्या एका पेशीला ओळख दिली. 'इओस' म्हणजे ग्रीकांची उषा. रंग पिणारी ती पेशी इओसिनोफिल. कृमी आणि पेशी यांची गाठ मात्र बरीच उशिरा पडली.

१९४० मध्ये मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातल्या फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन यांनी कलकत्त्याहून निघणाऱ्या 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये काही रुग्णांची हकीकत छापली. फोटोत फुप्फुसं क्षयासारखी डागाळलेली, पण क्षय नाही. रक्तात इओसिनोफिल मात्र भरमसाट. क्षयाच्या भीतीने घर सोडून आलेल्या माणसाला हे कळल्यावर काय वाटलं असेल! १९४३ मध्ये वाइनगार्टनने या आजाराला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिलं. तेव्हा उपाय होता सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, इंजेक्शनं. पुढे हेट्राझान आलं. ते अमेरिकेत लेडर्ली कंपनीत तयार झालं, आणि तिथलं संशोधन भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बारावांच्या हाताखाली चालत होतं. हत्तीरोगाची गोळी या खोकल्यालाही लागू पडते, हे दिसल्यावर कोडं सुटत गेलं. शरीर कृमीच्या पिल्लांना फुप्फुसातच गाठून मारतं, म्हणून ती रक्तात सापडत नाहीत. धाप लागते ती त्या लढाईची.

पण या आजारात रक्ताच्या दर घनमिलिमीटरला इओसिनोफिल साधारण तीन हजारांच्या वर जातात. आईच्या कागदावरचा हिशोब मी टपाल-पाकिटाच्या पाठीवर मांडला. ७,२०० चे ९ टक्के म्हणजे ६४८. टक्क्याला वर्तुळ पडलं होतं, गुणाकार कोणी केलाच नव्हता.

आणि स्वयंपाकघराबद्दल तर कोणी विचारलंही नव्हतं. कोळशाचा उनून, वर गुल रचलेले, खिडकी अंगणाकडे. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे उनून एकदम पेटायचे आणि थंडीत तो धूर छपराच्या वर चढायचाच नाही. आईने आयुष्यात विडी हातात धरली नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, त्यात चुलीचा धूर ठळकपणे आहे. तोवर आमच्याकडे गॅस येऊन खूप वर्षं झाली होती, खोकला मात्र गेला नव्हता.

गंमत अशी, की तीच पेशी आता पुन्हा मोजली जाते, वेगळ्या कामासाठी. 'गोल्ड' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१९ मध्ये सांगितलं, की ज्यांचा आजार वरचेवर उसळतो त्यांच्यात इओसिनोफिल ३०० किंवा जास्त असतील तर स्टेरॉइडच्या पंपाने उसळी कमी होण्याची शक्यता चांगली. १०० च्या खाली फायदा थोडा आणि न्यूमोनियाची भीती राहतेच. आधीच्या काळी हा पंप सरसकट दिला जाई, त्यामानाने हे बरंच. पण हे आकडे आले ते बहुतांशी सिगारेट ओढणाऱ्यांवरच्या चाचण्यांतून. आपल्याकडे पोटातले जंतही हीच पेशी वाढवतात. उनुनाच्या धुराने फुप्फुसं झिजलेल्या बाईचे ३४० कसे वाचायचे?

ते ३४० आईचे आहेत. डॉक्टरांनी लगेच पंप लिहिला नाही. आधी शौचाची तपासणी, मग पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा, असं ठरलं. लॅबच्या बाकावर बसल्या बसल्या आईने शेजारच्या बाईला सांगितलं, "मला इस्नोफेलिया आहे, लग्नानंतरचा."