चूल, शेगडी आणि जळणाचा हिशेब



सन १९७० च्या सुमारास आमच्या घरीं दोन अग्नि नांदत असत: पडवींत लांकडाची चूल आणि स्वयंपाकघरांत लोखंडी शेगडी. वखारींतून कोळसा आणण्याचें काम माझ्याकडे असे. "लांकूड धूर करतें नि भसाभस जळतें; कोळसा ओंजळभर घातला तरी भात शिजतो," असें आजी म्हणे. तिच्या पदरीं पन्नास वर्षांचा अनुभव होता. पुढें शाळेंत उष्णतेचा धडा शिकवितांना मीं तिचें म्हणणें फळ्यावर मांडून पाहिलें. तोच हिशेब आज आपणांपुढें ठेवतों.

एक किलो पाणी एक अंशानें तापविण्यास जी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. किलोभर वाळलेल्या लांकडांत अशा सुमारें ३,५०० आणि किलोभर लोणारी कोळशांत सुमारें ७,००० किलोकॅलरी असतात. परंतु ही सर्व उष्णता भांड्यास मिळत नाहीं. तीन दगडांच्या चुलींत ज्वाळा भांड्याच्या कडेनें निसटतात, वारा त्यांना पळवितो आणि धुरावाटें अर्धवट जळलेलें जळण निघून जातें. अशा चुलींत शेंकडा १० ते १५ भागच उपयोगीं पडतात. शेगडींत निखारे भांड्याखालींच धगधगत राहतात. म्हणून तेथें शेंकडा २० ते २५ भाग पदरांत पडतात. चुलीस १२ व शेगडीस २४ धरल्यास किलोमागें लांकडाच्या ४२० आणि कोळशाच्या १,६८० किलोकॅलरी भांड्यास मिळतात. म्हणजे बरोबर चौपट! आजीचें म्हणणें खरें ठरलें.

पण हा हिशेब वखारीच्या दारापासून सुरू होतो; तो झाडापासून सुरू केला पाहिजे. रायगड-ठाण्याच्या डोंगरांत कातकरी मजूर लांकडें रचून, वर पालापाचोळा व माती घालून भट्टी लावीत. अशा भट्टींत कांहीं लांकूड जळून जातें, पेट घेणारे वायु हवेंत उडून जातात आणि किलोभर कोळशासाठीं पांच ते सात किलो लांकूड खर्ची पडतें. आपण सहा धरूं. तें सहा किलो लांकूड चुलींतच घातलें असतें तर भांड्यास २,५२० किलोकॅलरी मिळाल्या असत्या. कोळसा होऊन मिळाल्या १,६८०. तोच भात शिजविण्यास शेगडीनें दीडपट लांकूड खाल्लें! शहरांतलें स्वयंपाकघर निर्धूर राहिलें. त्याची किंमत रानानें आणि भट्टीजवळ राबणाऱ्या मजुरानें दिली. शिवाय निर्धूर म्हणजे निर्धोक नव्हे. बंद खोलींतील शेगडीच्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं, पण तो प्राण घेतो.

मग गृहिणीनें चुलीचा धूरच सोसावा काय? मुळींच नाहीं. दोष लांकडाचा नसून उघड्या चुलीचा आहे, हें पूर्वींच ओळखलें गेलें होतें. पुढें काउंट रम्फोर्ड म्हणून प्रसिद्ध झालेल्या बेंजामिन थॉम्सननें सन १७९० मध्यें म्यूनिक येथें गरिबांसाठीं उद्योगगृह उघडलें. स्वयंपाकघरांतील उघडा जाळ त्यानें विटांच्या बांधकामांत कोंडला आणि भांडीं त्यांत बसवून जळणाची मोठी बचत केली. आपल्याकडे वर्ध्याच्या मगनवाडींत १९४७ च्या सुमारास धुराडें असलेली मगन चूल तयार झाली. १९५३ मध्यें हैदराबादेच्या एस. पी. राजू यांनीं निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. १९८३ मध्यें सरकारनें सुधारित चुलींची देशव्यापी योजना हातीं घेतली. परंतु दुरुस्तीअभावीं यांपैकीं पुष्कळ चुली मोडून पडल्या. चूल बांधून देणें सोपें, ती नांदती ठेवणें कठीण.

शहरांत आतां गॅस आला. पण खेड्यांतील कित्येक घरीं आजही लांकूडच जळतें, आणि तेथें चांगली चूल म्हणजे निरोगी डोळे, निरोगी छाती आणि वांचलेलें रान होय. आजीच्या हिशेबांत गणिताची चूक नव्हती. फक्त झाड तिच्या अंगणांत नव्हतें, म्हणून तें तिला मोजतां आलें नाहीं. काटकसरीची कोणतीही गोष्ट ऐकतांना आपण एवढेंच विचारावें: हा हिशेब कोठून सुरू केला आहे?