उपचार आणि शुश्रूषा : अमेरिकन वृद्धांच्या विम्याची कथा

आजार आणि वार्धक्य या दोन गोष्टी आपण बोलतांना सहज एकत्र गुंफतों. परंतु राज्यकर्त्यांच्या वहींत त्यांचीं खातीं निराळीं असूं शकतात. आजार्‍यास उपचार हवा असतो. थकलेल्या देहास शुश्रूषा हवी असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं आपल्या वृद्धांसाठीं पहिल्याची सोय केली. दुसरीची मात्र अर्ध्यावरच राहिली. हें कसें घडलें, तें पाहण्यासारखें आहे.

एकोणिसाव्या शतकांत तेथील निराधार म्हातार्‍याचा शेवटचा आसरा म्हणजे जिल्ह्याचें दरिद्रगृह. तेथें जावें लागणें हा कुटुंबास कलंक वाटे. १९२९ नंतरच्या मंदींत अनेकांची जन्माची पुंजी बँकांबरोबर बुडाली, तेव्हां ही भीति मध्यम वर्गाच्याहि दारांत आली. १९३३ सालीं कॅलिफोर्नियांतील डॉ. फ्रान्सिस टाउनसेंड यांनीं एक योजना मांडली. साठीपुढील माणसास दरमहा २०० डॉलर द्यावे व त्यानें ते महिन्याच्या आंत खर्चावे, अशी ती होती. हिशेबांत ती टिकणारी नव्हती. पण तिच्यापाठीमागें असंख्य वृद्ध उभे राहिले. ता. १४ ऑगस्ट १९३५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. त्यांत निवृत्तिवेतन होतें, आरोग्यविमा नव्हता. डॉक्टरांच्या विरोधानें सगळाच कायदा बुडेल, ही धास्ती त्यास कारण झाली.

या कायद्यांतील एका कलमाचा परिणाम दूरवर पोंचला. गरीब वृद्धांची रोख मदत सार्वजनिक संस्थेंत राहणार्‍यास द्यावयाची नाहीं, असें त्यांत ठरलें. दरिद्रगृहें ओस पडावीं, हा हेतु होता. परंतु ज्यांना उठवून बसविण्यास माणूस लागे, ते कोणाच्या भरंवशावर घरीं जाणार? ते मदतीचे पैसे घेऊन खासगी गृहांत गेले. आजच्या शुश्रूषागृहांच्या धंद्याचें एक मूळ तेथें आहे.

ता. १९ नोव्हेंबर १९४५ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं सर्व नागरिकांसाठीं आरोग्यविमा मागितला. अमेरिकन मेडिकल असोसिएशननें त्यास ‘समाजवादी वैद्यक’ ठरवून कडवा विरोध केला, आणि ती मागणी फसली. तेव्हां सुधारकांनीं हात आंखडता घेतला : सर्वांना नाहीं, तर निदान वृद्धांना. ता. ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन मुद्दाम ट्रूमन यांच्या इंडिपेंडन्स या गांवीं गेले, आणि त्यांच्यासमक्ष मेडिकेअरच्या कायद्यावर त्यांनीं सही केली. पहिलें ओळखपत्र ८१ वर्षांच्या ट्रूमन यांचेंच ठरलें. १ जुलै १९६६ पासून सुमारें १ कोटी ९० लाख वृद्धांस विम्याचें छत्र मिळालें. रुग्णालयाचा खर्च पगारांतून कापलेल्या करांतून निघे. डॉक्टरांच्या फीसाठीं दरमहा ३ डॉलरांची ऐच्छिक वर्गणी होती. वर्णभेद पाळणार्‍या रुग्णालयास पैसा नाहीं, या अटीमुळें दक्षिणेंतील गोर्‍या-काळ्यांचे वेगळे कक्षहि झपाट्यानें मोडले.

एवढ्या मोठ्या कार्यांत एक पोकळी मात्र राहिली. शुश्रूषागृहाचा खर्च फार तर १०० दिवस, तोहि आधीं तीन दिवस रुग्णालयांत राहिलेल्यास आणि तरबेज परिचारिकेची जरूरी असेल तरच, असा नियम झाला. आंघोळ घालणें, भरविणें, रात्रीं उठवून नेणें, एवढीच ज्याची गरज, तो विम्याबाहेर पडला. त्याच्यासाठीं त्याच वर्षीं निर्माण झालेलें मेडिकेड होतें; पण तें गरिबांचें. म्हणजे दारिद्र्य टाळण्यासाठीं ज्यानें जन्मभर काटकसर केली, त्यानें शुश्रूषा मिळविण्यासाठीं अखेरीस दरिद्री व्हावयाचें!

ही पोकळी भरण्याची संधि १९८८ सालीं आली आणि हुकली. त्या वर्षींच्या कायद्यानें रुग्णालय व औषधें यांचा विमा वाढविला; दीर्घ शुश्रूषेस हात लावला नाहीं, आणि सारा भार मात्र वृद्धांवरच टाकला. सधनांवर पहिल्या वर्षीं ८०० डॉलरपर्यंत जादा कर बसला. ऑगस्ट १९८९ मध्यें शिकागो येथें संतप्त वृद्धांनीं डॅन रॉस्टेन्कोव्स्की या वजनदार प्रतिनिधीची मोटार अडविली. वर्षअखेर कायदा बहुतांशीं रद्द झाला. शुश्रूषागृहांत गेलेल्याच्या जोडीदारास निष्कांचन होऊं न देणारें कलम मात्र टिकलें. २०१० सालीं ऐच्छिक वर्गणीची योजना मंजूर झाली. पण ज्यांना गरज तेच वर्गणी भरतील व गंगाजळी आटेल, हें ओळखून सरकारनें ती २०११ सालीं सोडून दिली व २०१३ सालीं ती रद्द झाली. हा धडा घेऊन वॉशिंग्टन संस्थानानें २०१९ सालीं सक्तीच्या वर्गणीचा कायदा केला. जुलै २०२३ पासून पगाराच्या ०.५८ टक्के कपात सुरू झाली.

हा प्रश्न आपल्याला अगदीं परका नाहीं. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मुलांनीं आईबापांस नेलें, तर कायम वास्तव्याचा परवाना असूनहि पांच वर्षांच्या सलग वास्तव्यापूर्वीं त्यांना मेडिकेअरचा विमा विकत घेतां येत नाहीं. आणि इकडे काय, तिकडे काय, म्हातारपणाचा बहुतेक भार बायको, लेक, सून यांच्याच अंगावर पडतो. त्या श्रमांचें बिल कोणी करीत नाहीं, म्हणून ते कोणत्याच अंदाजपत्रकांत दिसत नाहींत. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. अमेरिकन वृद्धांचें रुग्णालयाबद्दलचें गार्‍हाणें तेथील कायद्यानें ऐकलें. अंथरुणाशेजारच्या लांब रात्रींचें गार्‍हाणें त्यानें अद्याप पुरतेपणीं ऐकलेलें नाहीं.