सूर्यसिद्धांतांतील सावन दिवसांची संख्या

सूर्यसिद्धांतांत महायुगाचे सावन दिवस 1,57,79,17,828 सांगितले आहेत. वसु म्हणजे 8, अद्रि म्हणजे 7, रूप म्हणजे 1, अशा शब्दांकांनीं ही संख्या एकंस्थानापासून मांडली आहे. नकलकाराच्या हातून दोन शब्द मागेंपुढें झाले तर संख्या बदलते; परंतु नवांनीं भागून उरणारी बाकी 1 च राहते. म्हणून त्या परीक्षेनें हा दोष सांपडत नाहीं.

खरी परीक्षा ग्रंथांतच आहे. नक्षत्रोदय 1,58,22,37,828 यांतून रविभगण 43,20,000 वजा केले असतां हीच संख्या येते. चांद्र दिवस 1,60,30,00,080 यांतून क्षयतिथि 2,50,82,252 वजा केल्या तरी तीच येते. दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं मिळत असल्यामुळें, दुसरी पोथी हाताशीं नसतांही पाठ निश्चित करतां येतो.

आर्यभटाची संख्या 1,57,79,17,500 आहे. ती 328 नें कमी असली तरी लेखनदोष नव्हे. त्याचे भूभ्रम 1,58,22,37,500 असल्यानें तेथेंही वजाबाकी बरोबर जुळते. हा पक्षभेद होय. एका पक्षाच्या संख्येवरून दुसरीची दुरुस्ती करणें म्हणजे पुरावाच पुसून टाकणें होय. यास्तव संग्राहकांनीं पोथींतील हे पांचही आंकडे, चुकलेले दिसले तरी, जसेच्या तसे उतरून घ्यावे, अशी आमची विनंति आहे.