छातीचा भाता आणि वैद्याचा हात

छातीला ‘भाता’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. लोहाराचा भाता धड आहे की नाही, हे तो हलताना पाहिल्यावाचून कळत नाही, छातीचेही तसेच. ही परीक्षा शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत अग्रमान द्यावा लागतो तो व्हिएन्नाच्या स्पॅनिश रुग्णालयातील लेओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याला. १७२२ साली ग्राट्स येथे एका खानावळवाल्याच्या घरी तो जन्मला. पिंप ठोकून त्यात मद्य किती उरले हे ओळखण्याची युक्ती त्याने घरीच पाहिली, असे सांगतात.

१७६१ साली त्याचे छोटेखानी लॅटिन पुस्तक निघाले. रुग्णाचा सदरा छातीवर ताणून धरावा किंवा वैद्याने हातात चामड्याचा मोजा घालावा, बोटांच्या टोकांनी हलके ठोकावे. रुग्णाने आधी नेहमीसारखा श्वास घ्यावा, मग तो पूर्ण भरून रोखावा, इतक्या बारकाईने त्याने पद्धत सांगितली. एका बाजूस पाणी झाले तर ती बाजू फुगते आणि श्वासाबरोबर कमी हलते, हेही त्याने टिपले. प्रेताच्या छातीत पाणी भरून त्याने आपले म्हणणे पडताळलेही होते.

समकालीनांनी फारशी दखल घेतली नाही. (हाच गृहस्थ पुढे १७८१ साली सालिएरीच्या एका संगीतिकेची संहिता लिहिता झाला!) १८०८ साली नेपोलियनचा वैद्य कोर्विसार याने त्या पुस्तकाचे सटीप फ्रेंच भाषांतर केले. शोध स्वतःच्या नावावर खपवणे त्याला अवघड नव्हते; त्याने मूळ लेखकाचे नाव उजेडात आणले. भाषेच्या अध्यापकाला हा प्रामाणिकपणा शोधाइतकाच मोलाचा वाटतो. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर निवर्तला.

कोर्विसारचा शिष्य लाएनेक याने १८१६ साली कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि वैद्याचा भर कानावर गेला. १८९५ नंतर क्ष-किरण आले. तरीही हाताची परीक्षा मोडीत निघाली नाही. दोन्ही तळवे रुग्णाच्या पाठीवर बरगड्यांना धरून ठेवायचे, अंगठे मध्यरेषेवर जुळवायचे आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे. निरोगी माणसाच्या बाबतीत अंगठे दोहोंकडे सारखे सरकतात. फितीने मोजले तर छाती साधारणतः ५ सेंटिमीटर वा अधिक फुगते; आपल्याकडे सैन्यभरतीतही हाच आकडा पाहतात. दोन्हीकडची हालचाल सारखीच खुंटली असेल, तर मात्र अंगठ्यांची तुलना फसते. तेथे फीतच उपयोगी.

एकच अंगठा मागे राहिला, तर दोष बहुधा त्याच बाजूचा. पण तेथे पाणी आहे की बाहेर फुटलेली हवा, हे अंगठा सांगत नाही. त्यासाठी पुन्हा ठोकूनच पाहावे लागते: पाण्यावर आवाज बद्द येतो, हवेवर पोकळ घुमतो.