नारू, मतपेटी आणि मनाचें दुखणें

महाराष्ट्राच्या दुष्काळी भागांतील जुन्या गांवीं गेलें असतां एखादी बारव किंवा पायविहीर हटकून दृष्टीस पडते. दगडी पायऱ्या थेट पाण्यांत उतरलेल्या, आणि बुडालेल्या पायरीवर उभें राहून घागर भरावयाची, ही पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. या देखण्या बांधणीनेंच एक भयंकर रोग जतन करून ठेविला होता, हें नळाचें पाणी पिणाऱ्या घरांतून आज बहुधा कोणास ठाऊकहि नसेल. नारू हें त्याचें नांव. पायावर फोड यावा, तो फुटून पांढऱ्या दोऱ्यासारख्या किड्याचें टोंक बाहेर यावें, आणि घरांतील जाणत्या माणसानें तें काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटें ओढीत बसावें, असा हा प्रकार. घाई केली व किडा मध्येंच तुटला, तर पाय सुजून रोगी महिना महिना अंथरुणास खिळून राही.

या किड्याचें जीवनचक्र मोठें कपटी आहे. त्याचीं सूक्ष्म पिलें पाण्यांत पडतात आणि डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या एका जलजंतूच्या पोटांत जातात; शास्त्रज्ञ त्या जंतूस सायक्लॉप्स म्हणतात. तें पाणी माणूस पितो. जलजंतु जठरांतील रसानें मरतो, पण नारूचें पिलूं जगतें. आंतड्याचा पडदा भेदून तें शरीरांत शिरतें आणि सुमारें एक वर्ष कसलीहि चाहूल न देतां वाढत राहतें. मादी दोन हातांपर्यंत लांब होते, कातडीखालून सरकत बहुधा पायाकडे येते, आणि तेथें असा दाहक फोड उठविते कीं, रोग्याला पाय गार पाण्यांत बुडविल्यावांचून चैन पडत नाहीं. पाय पाण्यांत पडतांच ती लाखों पिलें सोडून देते. रोग्याची वेदनाच रोगाला पुन्हां पाणवठ्यावर आणून पोंचविते! या रोगावर लस नाहीं, किडा मारणारें औषध नाहीं, आणि एकदां नारू झाला म्हणजे पुन्हां होणार नाहीं अशीहि सोय नाहीं. तथापि साखळीची एक कडी तोडली कीं सारी साखळी तुटते. पाणी फडक्यानें गाळून प्यावें, फुटलेल्या फोडाचा पाय पाणवठ्यांत घालूं नये, आणि तळ्यांत जलजंतु मारणारें द्रव्य टाकावें, उपाय इतकेच.

हे उपाय खरे होत, याचा दाखला मध्य आशियांतील बुखारा शहरानें पूर्वींच दिला होता. तेथील दगडी हौद म्हणजे आपल्या बारवांचींच भावंडें. इसाएव्ह नांवाच्या रशियन शास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं ते हौद साफ करून, आटवून, १९३० च्या सुमारास तेथील नारू नाहींसा करण्यांत आला. भारताची राष्ट्रीय मोहीम १९८३-८४ सालीं सुरू झाली. राजस्थानपासून तामिळनाडूपर्यंतच्या सात राज्यांत तेव्हां सुमारें ४० हजार रोगी मोजले गेले. त्यांत महाराष्ट्रहि होता. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्या ओढविहिरी करण्यांत आल्या, आणि गांवोगांव हापसे बसले. ज्या सोलापुरी पंपावरून पुढें देशभरच्या हापशाचा नमुना सिद्ध झाला, तो आपल्याच सोलापूरचा, हें येथें नमूद करावयास हरकत नाहीं. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैमध्यें राजस्थानांत आढळला, आणि २००० च्या फेब्रुवारींत जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त असल्याचा निर्वाळा दिला.

भारतानें आपला नारू मुख्यतः आपल्याच यंत्रणेनें घालविला. परंतु आफ्रिकेंतील ज्या देशांपाशीं ना पैसा होता, ना रस्ते, ना कित्येकदां शांतता, तेथें हें काम कोणी अंगावर घ्यावयाचें? १९८६ सालीं आफ्रिका व आशिया मिळून २१ देशांत दरसाल सुमारें ३५ लक्ष लोकांस नारू होत असे. पेरणीच्या वा कापणीच्या ऐन हंगामांत घरचा कर्ता पुरुष खाटेवर पडे. माली देशांतील डोगॉन लोकांनीं या रोगाला ‘रिकाम्या कोठाराचा रोग’ असें नांव दिलें होतें, तें उगाच नव्हे. हें काम ज्या संस्थेनें उचललें, तिचा जन्म मात्र एका राजकीय पराभवांतून झाला होता.

जिमी कार्टर हे अमेरिकेचे एकुणचाळिसावे अध्यक्ष. १९८० च्या निवडणुकींत रोनाल्ड रेगन यांनीं त्यांचा दणदणीत पराभव केला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष सामान्यतः आठवणी लिहितात, व्याख्यानांचे पैसे घेतात आणि गोल्फ खेळतात. कार्टर यांनीं १९८२ सालीं पत्नी रोझलिनबाई यांच्यासह अटलांटा शहरांत, एमरी विद्यापीठाच्या सहकार्यानें, ‘कार्टर सेंटर’ स्थापन केलें. नारूकडे त्यांचें लक्ष गेलें तें देवीच्या निर्मूलनांत काम केलेल्या वैद्यकतज्ज्ञांमुळें. त्यांतील डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स हे पुढें सेंटरच्या या मोहिमेचे आधारस्तंभ झाले. देवीनंतर माणसानें जगांतून उखडून टाकावा असा दुसरा रोग नारूच, हा त्यांचा आग्रह. पण देवीला लस होती. येथें सारी भिस्त लोकांच्या संवयी बदलण्यावर होती, आणि लोकांची संवय बदलणें हें लस टोंचण्याहून किती अवघड असतें, हें कोणाहि गृहिणीस सांगावयास नको.

१९८८ सालीं कार्टर दांपत्य घाना देशांतील खेड्यांत गेलें. एका खेड्यांत जमलेल्या रोग्यांच्या गर्दींत एक तरुण स्त्री उजव्या हाताशीं कांहीं सांवरून उभी होती. तान्हें मूल असावें असें वाटून कार्टर पुढें झाले. तें मूल नव्हतें. नारूनें सुजलेला तिचा स्वतःचा स्तन होता, आणि किडा तेथूनच बाहेर पडत होता. हा प्रसंग कार्टर पुढें आयुष्यभर सांगत असत.

त्यानंतरचें काम दिसावयास साधें आणि करावयास चिवट होतें. अमेरिकन कारखान्यांनीं बारीक विणीचें नायलॉनचें कापड व तळ्यांत टाकावयाचें द्रव्य दान दिलें. गुराख्यांना व प्रवाशांना गळ्यांत बांधावयास गाळणी बसविलेल्या नळ्या मिळाल्या. गांवांतीलच स्त्री-पुरुष निवडून त्यांना घरोघर फिरण्याचें शिक्षण दिलें गेलें. कोठें तळें पूर्वजांचें म्हणून पवित्र, त्यांत परक्यानें औषध टाकावयाचें नाहीं. कोठें नारू म्हणजे कोणाचा तरी शाप, त्याला फडकें काय करणार? अशा ठिकाणीं हुकूम चालत नाहीं. गांवच्या वडीलधाऱ्यांसमोर गाळलेलें व न गाळलेलें पाणी ठेवून त्यांतील वळवळ त्यांची त्यांना पाहूं द्यावी लागे. नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल गोवोन यांच्यासारखा मनुष्य स्वतः खेडोपाडीं हिंडूं लागला, तेव्हां सरकारी खात्यांनाहि जाग आली. २००८ नंतर नायजेरियांत नारू आढळला नाहीं. घानांतील शेवटचा रोगी २०१० चा.

सुदानची कथा याहून निराळी. तेथें उत्तर आणि दक्षिण यांमध्यें यादवी पेटलेली. कार्यकर्ता गांवांत पोंचणार कसा? १९९५ सालीं कार्टर यांनीं दोन्ही पक्षांकडून तात्पुरता युद्धविराम मिळविला. तो जवळजवळ सहा महिने टिकला, आणि त्या अवधींत गाळण्याचीं फडकीं, औषधें व लहान मुलांच्या लसी युद्धक्षेत्रांतील खेड्यांपर्यंत गेल्या. एका किड्यासाठीं तोफा थांबाव्या, ही इतिहासांत नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. पुढें २००६ सालीं दक्षिण सुदानांत वीस हजारांवर रोगी मोजले गेले होते. २०२४ सालीं तेथें सहा उरले.

त्या साली साऱ्या जगांत मनुष्यांतील रोगी पंधरा: सहा दक्षिण सुदानांत, नऊ चाडमध्यें. मग काम संपलें म्हणावें काय? तसें म्हणतां येत नाहीं. चाडमध्यें दहा वर्षें एकहि रोगी नोंदला गेला नव्हता. २०१० सालीं नारू पुन्हां दिसला, आणि लवकरच तो कुत्र्यांतहि आढळूं लागला. केवळ माणसालाच धरून राहतो अशी ज्याची ख्याति, त्यानें दुसरें घर शोधलें होतें. मासळीचीं आंतडीं कुत्र्यांनीं खाऊं नयेत म्हणून तीं पुरावीं, नारू झालेलें कुत्रें बांधून ठेवावें, बांधणाऱ्यास बक्षीस द्यावें, असे नवे उपाय योजावे लागले. निर्मूलनाची मुदत कित्येकदां हुकली. आतां ती २०३० आहे. आपल्या आधीं शेवटचा नारू मरावा, अशी इच्छा कार्टर यांनीं नव्वदी उलटल्यावर, कर्करोगाचें निदान झालें असतां, जाहीरपणें बोलून दाखविली होती. २९ डिसेंबर २०२४ रोजीं, शंभर वर्षें पुरीं करून ते वारले. नारू थोडक्यांत मागें उरला.

नदीकांठच्या माशीमुळें होणाऱ्या अंधत्वाविरुद्धहि सेंटरनें मोठें काम केलें. मर्क कंपनीनें १९८७ पासून फुकट दिलेल्या औषधाच्या बळावर कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको व ग्वाटेमाला हे चार देश २०१३ ते २०१६ या काळांत त्या रोगांतून मुक्त झाले.

रोगाचें निर्मूलन करणाऱ्या संस्थेनें निवडणुकींच्या भानगडींत कां पडावें, असा प्रश्न पडेल. याचें उत्तर कार्टर यांच्या स्वतःच्या पहिल्या निवडणुकींत आहे. १९६२ सालीं ते ज्यॉर्जिया राज्याच्या सिनेटसाठीं उभे राहिले. जॉर्जटाउन या लहानशा गांवीं एका स्थानिक पुढाऱ्याचें राज्य होतें. मतदार त्याच्या डोळ्यांदेखत मत देत. ३३३ मतदार आले आणि पेटींत ४२० मतें निघालीं! मृत माणसांनीं मत दिलें, तुरुंगांतल्यांनीं दिलें, आणि कित्येक मतदार वर्णानुक्रमानें ओळ धरून आले होते असें यादी सांगे. कार्टर हरले, न्यायालयांत गेले, ती पेटी बाद ठरली आणि ते निवडून आले. मत चोरलें जाणें म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

सेंटरचें पहिलें मोठें निरीक्षण १९८९ च्या मे महिन्यांत पनामा देशांत झालें. हुकुमशहा नोरिएगाच्या माणसांनीं खोटीं निकालपत्रें पुढें केलीं. पण चर्चच्या स्वयंसेवकांची केंद्राकेंद्रावरील मोजणी विरोधी पक्षाला तिप्पट मतें असल्याचें दाखवीत होती. कार्टर मोजणीच्या जागीं मंचावर चढले आणि तेथील अधिकाऱ्यांस मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्यें विचारते झाले, तुम्ही प्रामाणिक आहांत कीं चोर? निवडणूक अखेर रद्दच झाली. त्याच डिसेंबरांत अमेरिकेचें सैन्य तेथें घुसलें, तें प्रकरण निराळें. त्याचा जमाखर्च निरीक्षकांच्या खात्यावर मांडूं नये. पुढल्याच वर्षीं निकाराग्वांत सत्ताधारी ओर्तेगा अनपेक्षितपणें हरले, तेव्हां कार्टर त्या रात्रीं त्यांच्याकडे गेले. आपण निवडणूक जिंकलीहि आहे व हरलोंहि आहों, आणि हरल्यानें जग बुडत नाहीं, असें त्यांनीं समजावलें. पहांटे ओर्तेगांनीं पराभव मान्य केला. हें सांगावयास हरलेलाच अध्यक्ष लागतो.

पुढें सेंटरनें शंभराहून अधिक निवडणुका पाहिल्या, आणि २००५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत अशा निरीक्षणाचीं सर्वमान्य तत्त्वें जाहीर करण्यांत पुढाकार घेतला. सारेंच निर्वेध झालें असें नव्हे. व्हेनेझुएलांतील २००४ च्या कौलाला सेंटरनें मान्यता दिली, तेव्हां विरोधी पक्षानें तिच्यावर घाईचा व भोळेपणाचा आरोप केला. वीस वर्षांनीं, २०२४ च्या जुलैंत, त्याच देशांतील निवडणूक लोकशाहीची म्हणतां येत नाहीं असें तिनेंच स्पष्ट सांगितलें. तेव्हां रागावण्याची पाळी सत्ताधाऱ्यांची होती. निरीक्षकापाशीं ना शिपाई असतो, ना दंड करण्याचा अधिकार. त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास एवढेंच त्याचें भांडवल. तें एका पक्षासाठीं खर्चलें कीं संपलें. २०२० सालीं तर खुद्द ज्यॉर्जियांत मतांची फेरतपासणी झाली, तेव्हां सेंटरचे निरीक्षक तेथें हजर होते.

मानसिक आरोग्याचें काम मुख्यतः रोझलिनबाईंचें. पतीच्या गव्हर्नरपदासाठीं प्रचार करीत असतां त्या एका पहांटे कापडगिरणीच्या दारांत उभ्या होत्या. रात्रपाळी करून बाहेर पडलेल्या, अंगभर कापसाचे तंतु चिकटलेल्या एका बाईस त्यांनीं विचारलें, आतां घरीं जाऊन झोंपणार ना? घरीं मनोरुग्ण मुलगी आहे, नवरा दिवसपाळीस जातो, तेव्हां झोंप मिळाली तर मिळाली, असें उत्तर आलें. त्याच दिवशीं कार्टर यांची सभा होती. रोझलिनबाई श्रोत्यांच्या रांगेंत शिरल्या, आणि हात मिळवावयास आलेल्या नवऱ्यालाच त्यांनीं विचारलें कीं, निवडून आल्यावर वेड्यांसाठीं तुम्ही काय करणार?

सेवेचा वारसा त्या घरांत होताच. कार्टर यांच्या मातोश्री लिलियनबाई वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं परिचारिका म्हणून मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज वसाहतींत येऊन पावणेदोन वर्षें राहिल्या होत्या. सूनबाईंनीं अध्यक्षपत्नी असतांना मानसिक आरोग्याचा जो कायदा १९८० सालीं पुरा करवून घेतला, त्यांतील बराच भाग नव्या सरकारनें पुढच्याच वर्षीं मोडीत काढला. पराभवांतील हें दुःख त्यांना फार झोंबलें. पण १९९१ सालीं सेंटरमध्यें याच कार्याचा स्वतंत्र विभाग निघाला. पत्रकारांना या विषयाचा अभ्यास करण्यासाठीं विद्यावेतन मिळूं लागलें, कारण ‘वेडा’ हा शब्द वर्तमानपत्रांतून जसा फेंकला जातो, तसाच तो घरोघर झेलला जातो. विमा कंपन्यांनीं मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकेंच लेखावें, यासाठीं त्या वयाच्या ऐंशीव्या वर्षीं अमेरिकन काँग्रेसपुढें साक्ष देण्यास गेल्या. तो कायदा २००८ सालीं झाला. यादवीनें होरपळलेल्या लायबेरिया देशांत मनोविकारांचा डॉक्टर एकच होता. तेथें २०१० पासून सेंटरनें स्थानिक परिचारिकांनाच हें शिक्षण दिलें, आणि चार वर्षांनीं इबोलाची साथ आली, तेव्हां आप्त गमावलेल्यांना व भीतीनें गांवाबाहेर काढलेल्यांना धीर देण्यास त्याच पुढें झाल्या.

२०२३ च्या मे महिन्यांत रोझलिनबाईंना स्मृतिभ्रंश झाल्याचें कार्टर कुटुंबानें स्वतः होऊन जाहीर केलें. असलें दुखणें चार भिंतींत झांकून ठेवूं नये, असें त्या स्वतः आयुष्यभर सांगत आल्या होत्या. त्याच वर्षीं १९ नोव्हेंबरला, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, प्लेन्स गांवच्या आपल्या घरीं त्यांचें देहावसान झालें.