लिहायला वेळ कोणाला मिळतो?

पेठ तालुक्यात कामानिमित्त गेलो की तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापक मित्रांना आम्ही हमखास विचारतो, "पीएच.डी. कुठवर आली?" उत्तर ठरलेले असते, "दोन प्रकरणं झालीत दादा, पुढं वेळच मिळत नाही." नाशिकहून रोज सावळघाट चढून यायचे, तास घ्यायचे, नॅकच्या फायली भरायच्या आणि सुट्टीत पगार बंद म्हणून दुसरे काम शोधायचे. यात लिहायचे कधी?

परदेशातील अनेक विद्यापीठे प्राध्यापकांसाठी निवासी लेखन शिबिरे घेतात. काही दिवस तास नाहीत, बैठका नाहीत. सकाळी लिहायचे, संध्याकाळी एकमेकांना वाचून दाखवायचे. आपल्याकडे हे सांगितले की लोक म्हणतात, "ही तर चैन झाली." पण आपला इतिहास वेगळेच सांगतो.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सोबतची पुस्तके पाठवलेले जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या पगारातून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे प्राध्यापकाने स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी लिहिण्याचा वेळ विकत घेतला! त्या वेळातून 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध तयार झाला आणि १९२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे ग्रंथांसाठी त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले. निवांत जागेशिवाय विचार कागदावर उतरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तरीही आयुष्याने त्यांना पुरेसा वेळ दिला नाही. त्यांची कितीतरी हस्तलिखिते अप्रकाशित राहिली. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून ती खंडरूपाने छापायला घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापून आलेला त्यांना पाहता आला नाही. तो १९५७ मध्ये आला. बाबासाहेबांची ही गत, तर आमच्या पहिल्या पिढीच्या प्राध्यापकांचे काय?

दुसरा धडा औरंगाबादच्या नागसेनवनातला. बाबासाहेबांनी १९५० मध्ये तिथे कॉलेज सुरू केले. पुढे त्याच परिसरात डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी एकत्र बसले. त्यातून 'अस्मितादर्श' उभे राहिले आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरू लागले. खेड्यापाड्यातला नवखा लेखक तिथे आपले लेखन वाचायचा, टीका ऐकायचा आणि परत जाऊन पुन्हा लिहायचा. लेखन शिबिर म्हणजे याहून वेगळे काय असते?

आता पेठकडे पाहा. १८५७ मध्ये या भागात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. त्याची नोंद १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये सापडते, पण ती राज्यकर्त्यांच्या नजरेने केलेली. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाच्या आजी-आजोबांना काय आठवते, हे कोण लिहिणार? द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांचे समाजशास्त्र कोण मांडणार? ज्यांना भाषा येते, ज्यांची नाती या पाड्यांत आहेत, तेच. आणि नेमके त्यांच्याकडेच वेळ नाही.

२०१० च्या यूजीसी नियमांनी बढतीसाठी संशोधनाचे गुण मोजायला सुरुवात केली. गुण मागितले, वेळ मात्र दिला नाही. परिणामी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा फोफावला. दोष प्राध्यापकाला देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ज्यांच्या घरी वडिलोपार्जित ग्रंथसंग्रह, स्वतंत्र खोली आणि कायम नोकरी आहे, त्यांचे लेखन शिबिर घरीच भरते. आपल्याला ते संघटितपणे उभे करावे लागेल.

म्हणून मित्रांनो, पुढच्या जयंतीला वर्गणी गोळा करताना थोडी बाजूला काढा. दिवाळीच्या सुट्टीत एखादे विहार पाच दिवस मोकळे ठेवा. जेवणाची सोय करा, चार टेबले मांडा, आणि पेठ-सुरगाण्यातल्या आठ-दहा प्राध्यापकांना बोलवा. भाषण नको, सत्कार नको. अट एकच: जाताना प्रत्येकाच्या हातात एक पूर्ण प्रकरण हवे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. लिहिणे हा त्यातला संघर्षच आहे.

जय भीम!